दुनळीचं वय आणि काडतुसाचं वजन

खंडेनवमीला नाशिक जिल्ह्यातल्या काही घरांत तलवारीशेजारी पाटावर एक जुनी दुनळीही येते. कुठे इंग्रजी वेब्ली अँड स्कॉट, कुठे बीएसए, कुठे बाहेर दोन घोडे, म्हणजे बार उडवणाऱ्या हातोड्या, असलेली बेल्जियन. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचं पर्व संपलं. ज्या नांदूरमधमेश्वरच्या पाण्यावर हिवाळ्यात बदकं उतरतात ते १९८६ मध्ये अभयारण्य झालं आणि २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. तिथे आता दुर्बीण घेऊन जायचं, आणि हे योग्यच झालं. बंदूक मात्र परवान्यावर एका पिढीकडून दुसरीकडे येत राहिली.

त्याच वयाच्या बंदुका अमेरिकेत आजही दर वसंतात रानटर्कीच्या मागे जातात. मित्रांची जुनी टोळी असते, एकाकडे आजोबांची पार्कर दुनळी, दुसऱ्याकडे ब्राउनिंगची एकनळी, आपोआप भरणारी ऑटो-फाइव्ह, तिसऱ्याकडे पुढचं लाकूड सरकवून भरायची विंचेस्टर मॉडेल १२. नाशिकहून तिकडे स्थिरावलेल्या कुणाला अशा टोळीचं आमंत्रण आलं, की टर्कीला कुठलं काडतूस चांगलं, हा प्रश्न आधी सुचतो. त्याच्या आधी विचारायला हवं ते हे, की या बंदुकीला कुठलं काडतूस सोसतं. टर्कीच्या आकाराकडे बघून काडतूस घेतलं आणि बंदुकीच्या वयाकडे बघितलं नाही, तर ज्या वस्तूवर आपला इतका जीव तीच फुटते, आणि सोबत डावा हातही जातो. देवघरातल्या बंदुकीला आणि टर्कीच्या रानातल्या बंदुकीला हा नियम सारखाच लागू आहे.

सुरुवात तपासणीपासून. दसरा पावसाळ्यानंतर येतो, म्हणून वर्षातून एकदा बंदूक नीट बघायला हा दिवस फार चांगला. आधी कळ दाबून बंदूक उघडायची आणि दोन्ही चेंबर, म्हणजे नळ्यांच्या मुळाशी काडतूस बसायच्या जागा, रिकामे आहेत हे डोळ्यांनी आणि बोटाने पाहायचं. मग नळीखालचं पुढचं लाकूड काढायचं आणि नळ्या वेगळ्या करायच्या. नळ्यांच्या मुळाशी खालचा सपाट भाग दिसेल. बंदुकीची जन्मपत्रिका तिथे कोरलेली असते.

बर्मिंगहॅमच्या बंदुकीवर मुकुटाखाली बीपी, बीव्ही आणि एनपी ही अक्षरं असली तर ती १९०४ नंतर धूरविरहित दारूसाठी तपासलेली आहे. एनपीतला एन म्हणजे नायट्रो, धूरविरहित दारूचं दुसरं नाव. बेल्जियन बंदुकीवर लंबवर्तुळात ईएलजी असतं, आणि नायट्रोसाठी सिंहाच्या चित्राखाली पीव्ही. नायट्रोची खूण नसेल तर ती नळी काळ्या दारूच्या जमान्यातली समजायची आणि आजचं कुठलंही काडतूस तिच्यात घालायचं नाही. नळीवर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी दिसली तर ती डमास्कस नळी, म्हणजे लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या एकत्र पिळून, सळईभोवती गुंडाळून, तापवून ठोकलेली. दिसायला तिच्याइतकं देखणं काही नाही. पण त्या सांध्यांमध्ये शंभर वर्षांत आत कुठे गंज शिरला आहे हे बाहेरून कळत नाही. ती पाटावरच शोभते.

पुढे चेंबरची लांबी. बोअर हे नळीच्या आतल्या रुंदीचं माप, आकडा मोठा तितकी नळी अरुंद. जुन्या इंग्रजी बारा बोअरचा चेंबर बहुधा अडीच इंच, म्हणजे ६५ मिलिमीटर असतो. नंतरच्या बंदुकांचा ७० मिलिमीटर, जड काडतुसांच्या मॅग्नमचा ७६. १९२५ नंतरच्या ब्रिटिश बंदुकांवर ही लांबी कोरलेली सापडते. नसेल तर अरुंद पोलादी पट्टी आत सरकवून, चेंबर जिथे नळीकडे निमुळता व्हायला लागतो ती कडा उजेडात पाहून मोजायची. अमेरिकन बंदुकांतही हा फरक आहे. सुरुवातीच्या मॉडेल १२ च्या आणि दुसऱ्या महायुद्धाआधीच्या ऑटो-फाइव्हच्या सोळा बोअरमध्ये चेंबर ६५ मिलिमीटरचा, आजच्या काडतुसापेक्षा आखूड.

इथे नेहमीची फसगत होते. काडतुसावर छापलेली लांबी ही ते उडाल्यानंतरची, म्हणजे तोंडाची घडी उलगडल्यावरची असते. न उडालेलं ७० मिलिमीटरचं काडतूस त्याहून बरंच आखूड असतं, त्यामुळे ते ६५ च्या चेंबरमध्ये सहज बसतं आणि बंदूकही बंद होते. बसलं म्हणजे चालतं, असा समज होतो. उडताना तोंडाची घडी चेंबरच्या पुढच्या निमुळत्या भागात उलगडते, छर्ऱ्यांची वाट आवळते आणि दाब चढतो. एखाद्या बाराने नळी फुटेलच असं नाही. दस्त्याला बारीक चीर जाते, बिजागरीची खीळ झिजते, आणि कारण कुणाच्या लक्षात येत नाही.

याहून भयंकर चूक वीस बोअरच्या काडतुसाची. बारा बोअरच्या नळीचा व्यास १८.५ मिलिमीटर, वीसचा १५.६. वीसचं काडतूस चुकून बाराच्या नळीत गेलं तर ते चेंबरमधून घसरून पुढे अडकतं आणि मागून नळी रिकामी दिसते. मग मागे बाराचं काडतूस घातलं जातं. या एका चुकीने नळ्या उभ्या फाटतात. म्हणूनच अमेरिकेत वीस बोअरची काडतुसं पिवळ्या रंगाची करतात. टोळीत दोन बोअरच्या बंदुका असतील तर काडतुसं एका खिशात, एका थैलीत कधीही ठेवायची नाहीत.

आता नळ्यांची प्रकृती. खालच्या आकड्यात बोट घालून नळ्या हवेत लोंबत्या धरा आणि लाकडी पेन्सिलीने हलकेच टिचकी मारा. देवळातल्या लहान घंटेसारखा स्वच्छ नाद आला तर दोन नळ्यांना जोडणाऱ्या पट्टीचं डाखकाम शाबूत आहे. बद्द किंवा झणझण आवाज आला तर पट्टी कुठेतरी सुटलेली आहे आणि तिच्याखाली पाणी जाऊन गंज धरत असणार. मग नळी खिडकीच्या उजेडाकडे धरून आत पाहायचं. उजेडाची वर्तुळं एकाआत एक अखंड दिसली पाहिजेत. वर्तुळ एका बाजूने मोडलेलं दिसलं तर तिथे पोचा आहे, आख्खं वर्तुळ गडद कड्यासारखं दिसलं तर नळी तिथे फुगली आहे. काळे ठिपके म्हणजे गंजाचे खड्डे. चेंबरजवळचे खड्डे जास्त वाईट, कारण सगळ्यात मोठा दाब तिथेच असतो. नळी जुनी असूनही आतून आरशासारखी असेल तर आनंद मानण्याआधी भिंतीची जाडी मोजून घ्यायला हवी. खड्डे काढायला कुणीतरी ती आतून घासलेली असू शकते, आणि घासण्यात गेलेलं पोलाद परत येत नाही. सर्वांत पातळ जागी अर्ध्या मिलिमीटरच्या खाली गेलेली नळी जाणकार वापरत नाहीत. याला खास मापक लागतो, तो परवानाधारक दुरुस्ती करणाऱ्याकडेच मिळेल.

नळ्या परत जोडा, पण पुढचं लाकूड न लावता. बंदूक बंद करून दस्ता काखेत धरा आणि नळ्या बाजूला हलवून पाहा. लाकूड लावलेलं असलं की त्याची स्प्रिंग सैलपणा लपवते, म्हणून ते काढूनच बघायचं. खटखट जाणवली, किंवा नळ्यांचं मूळ आणि मागची भिंत यांमधून उजेड दिसला, तर काडतुसाच्या बुडाला मागून आधार नाही. वरच्या कळीकडेही लक्ष द्या. नव्या बंदुकीची कळ बंद झाल्यावर मधल्या रेषेच्या किंचित उजवीकडे राहते, झिजेल तशी मध्यावर आणि मग डावीकडे जाते. डावीकडे गेलेली कळ म्हणजे कारागिराकडे जायची वेळ झाली.

दुनळीच्या सेफ्टीबद्दल मोठा गैरसमज आहे. बहुतेक दुनळ्यांमध्ये ती फक्त चाप अडवते, आतले घोडे ताणलेलेच राहतात. बंदूक हातातून पडली तर सेफ्टी लावलेली असूनही बार होऊ शकतो. म्हणून कुंपण ओलांडताना, ओढा उतरताना, कुणाशी बोलायला थांबतानाही बंदूक उघडून काडतुसं बाहेर काढायची. उघडी ठेवलेली दुनळी समोरच्याला दुरूनही दिसते, आणि जुन्या मित्रांच्या टोळीत न बोलता दिलेली ही ग्वाही असते. रिकामा चाप ओढून बघण्याची सवयही सोडायला हवी, त्याने काडतुसाच्या बुडावर आपटणारी आतली टोचणी मोडते. खोटी काडतुसं मिळतात ती त्यासाठीच.

एवढ्या परीक्षेत उतरलेल्या बंदुकीने टर्की मारता येतो का? येतो. अट अंतराची आहे.

आजच्या खास टर्कीच्या काडतुसात, ७६ मिलिमीटरच्या बारा बोअरमध्ये, ५० ते ५७ ग्रॅम छर्रे असतात. जुनी अडीच इंची दुनळी साधारण ३० ग्रॅमसाठी बांधलेली. अमेरिकेत साध्या बारा बोअरसाठी कमाल दाब ११,५०० पीएसआय, म्हणजे दर चौरस इंचाला तितके पौंड, ठरवलेला आहे, साडेतीन इंची काडतुसासाठी १४,०००. जुन्या इंग्रजी नळीवर तीन टन असं कोरलेलं असतं, ते दर चौरस इंचाला. गुणाकार करून ते या आकड्यांशी ताडून पाहू नये, कारण दोन्हींची मोजायची रीत वेगळी आहे. कमी दाबाचं, अडीच इंची, शिशाच्या किंवा बिस्मथ धातूच्या छर्ऱ्यांचं काडतूस घ्यायचं एवढं पक्कं. पोलादी छर्रे जुन्या नळीत घालूच नयेत. शिसं दबतं, पोलाद दबत नाही, आणि नळीच्या तोंडाशी मुद्दाम आवळलेल्या भागातून, म्हणजे फुल चोकमधून, जाताना ते नळीला कायमचं कडं पाडतं. टंगस्टनचे छर्रे तर त्याहून कठीण.

छर्ऱ्यांच्या क्रमांकातही गोंधळ आहे. आपल्याकडे खडकीच्या शक्तिमान काडतुसांवर जे क्रमांक वाचायची सवय असते ते ब्रिटिश पद्धतीचे. ब्रिटिश ५ नंबर म्हणजे अमेरिकन ६ च्या जवळपास, ब्रिटिश ४ म्हणजे अमेरिकन ५. अमेरिकन ५ नंबरचे एका औंसात सुमारे १७० छर्रे बसतात, ६ नंबरचे २२५. म्हणजे ३० ग्रॅमच्या काडतुसात ५ नंबरचे अंदाजे १८० आणि ६ नंबरचे २४०. टर्कीला डोकं आणि मान एवढीच जागा आहे, अंगावर बार टाकला तर पिसांत आणि छातीच्या मांसात छर्रे अडकतात आणि पक्षी जखमी होऊन उडून जातो. म्हणून कमी वजनाच्या काडतुसात संख्या राखण्यासाठी ६ नंबर बरा.

मग कागदावर बार काढून बघायचा, याला पर्याय नाही. मोठ्या कागदावर दहा इंचांचं वर्तुळ आणि मध्ये मानेएवढी उभी रेघ. आधी २० यार्डांवर, मग २५, मग ३०. प्रत्येक अंतरावर प्रत्येक नळीचे तीन बार, दर वेळी नवा कागद. वर्तुळात शंभराच्या आसपास छर्रे पडले तर ते अंतर आपलं. चोकची पाटी वाचून हे ठरत नाही. फुल चोक म्हणजे ४० यार्डांवर तीस इंची वर्तुळात सुमारे ७० टक्के छर्रे, हाफ म्हणजे ६०. पण २४० चे ७० टक्के म्हणजे १६८, आणि ते तीस इंचांत पसरलेले. दहा इंचांत त्यातले किती येणार? म्हणून आज ४० यार्ड सांगितले जातात तिथे जुन्या दुनळीने २५ वर थांबायचं, फार तर ३०. दोन्ही नळ्यांचा बार एकाच ठिकाणी पडतो का हेही कागदच सांगतो. शंभर वर्षांच्या बंदुकीत एक नळी चार बोटं बाजूला मारत असेल तर ते रानात कळून उपयोग नाही. पुढचा चाप बहुधा उजव्या, मोकळ्या चोकच्या नळीचा आणि मागचा डाव्या, आवळलेल्या नळीचा. टर्कीला पहिला बार मागच्या चापाने काढायची सवय म्हणूनच लावून घ्यावी लागते.

२५ यार्डांपर्यंत पक्षी यायला हवा, आणि जुन्या बंदुकीची शिकार म्हणूनच जास्त रंगते. वसंतात नर पहाटे झाडावरून गर्जतो. अंधारात घुबडाचा आवाज काढला तरी तो दचकून उत्तर देतो, त्यावरून झाड कळतं. त्या झाडापासून शंभर-दीडशे यार्डांवर, आपल्या खांद्यांपेक्षा रुंद बुंध्याला पाठ टेकून बसायचं. पाठीमागून येणाऱ्या दुसऱ्या शिकाऱ्यापासून बुंधा वाचवतो, आणि आपली आकृतीही मोडतो. मग लाकडी पेटी, पाटी किंवा तोंडातल्या पडद्याने मादीची हाक. थोडीच. निसर्गात मादी नराकडे जाते, इथे आपण त्याला उलटं यायला लावतोय, म्हणून फार हाका मारल्या की तो जागीच पिसारा फुलवून वाट बघत बसतो. पिसारा फुलवलेला असताना मान आत ओढलेली असते, तेव्हा बार काढायचा नाही. एक तुटक हाक दिली की तो मान उंच करून बघतो. बंदूक उचलायची ती मात्र त्याचं डोकं झाडाआड असतानाच, त्याची नजर विलक्षण तीक्ष्ण असते.

लाल, पांढरा, निळा हे रंग अंगावर, रुमालातसुद्धा नकोत, कारण नराच्या डोक्याचे रंग तेच. गर्जना ऐकून तिकडे दबकत जाऊ नये, ती दुसऱ्या शिकाऱ्याची नक्कल असू शकते. दुसरा माणूस दिसला तर हात हलवायचा नाही, मोठ्याने बोलायचं. आणि एक कायद्याची गोष्ट, एच-वन-बीसारख्या व्हिसावर असलेल्याला तिथल्या केंद्रीय कायद्याने बंदूक बाळगायला मनाई आहे. वैध शिकार परवाना हा त्यातला नेहमीचा अपवाद. मित्राची बंदूक हातात घेण्याआधी तो आपल्या नावाने खिशात असू द्या.

मित्राची बंदूक ऑटो-फाइव्ह असेल तर पुढचं लाकूड काढून आतलं कडं बघा. या बंदुकीत बार झाल्यावर नळी स्वतः मागे सरकते आणि पितळी तुकड्याच्या घर्षणाने तिचा वेग आवरतो. जड काडतुसासाठी पोलादी कडं स्प्रिंग आणि पितळी तुकडा यांच्यामध्ये, उताराची बाजू पितळेकडे. हलक्यासाठी तेच कडं स्प्रिंगच्या मागे, बंदुकीच्या पेटीच्या बाजूला. हलक्या मांडणीवर जड काडतुसं उडवली की नळी मागे आदळते आणि पुढचं लाकूड चिरतं. आतल्या नळकांड्यावर तेल थापलं तरी घर्षण जाऊन तेच होतं. तेलाचा नुसता हात फिरवून कोरड्या फडक्याने पुसून घ्यायचं.

परत नाशिकला. इगतपुरी-त्र्यंबकेश्वरकडच्या पावसात पोलादाचे हाल होतात आणि निफाडच्या कोरड्या थंडीत लाकडाचे. पावसाळ्यात अक्रोडाचा दस्ता फुगतो, हिवाळ्यात आक्रसतो, आणि मागचा स्क्रू सैल पडतो. सैल दस्त्यावर बार काढला की धक्का एका बाजूला बसून लाकूड फाटतं. स्क्रू आवळायला त्याच्या खाचेत तंतोतंत बसणारं पान लागतं, घरातला पेचकस घसरून कोरीवकाम खरवडतो. आतली यंत्रणा घरी उघडू नये.

पूजेचं कुंकू नळीवर लावू नका, हे कळकळीने सांगणं आहे. ओलं हळदकुंकू, पाणी शिंपडलेलं फूल, तांदळाचे दाणे, यांच्याखाली एका रात्रीत गंजाचा डाग उठतो आणि निळ्या मुलाम्यावर तो कायमचा राहतो. पाटावर सुती कापड घालून हळदकुंकू त्या कापडाला लावावं, झेंडू शेजारी ठेवावा. पूजा झाली की लगेच नळ्या पुसून, तेलाचा हात देऊन बंदूक आत जावी. दसऱ्याचा म्हणून हवेत बार काढणं २०१९ पासून गुन्हा आहे.

बार काढल्यावरची स्वच्छता त्याच दिवशी. गजाला ब्राँझचा ब्रश, विलायक द्रव, आणि चेंबरकडून तोंडाकडे दहा-बारा फेऱ्या. दहा मिनिटं थांबून सुती चिंध्या, शेवटची पांढरी निघेपर्यंत. मग शिवणयंत्राच्या पातळ तेलाचा एक हलका फेर. पुढच्या वेळी बार काढण्याआधी तेही पुसायचं. जुन्या साठ्यातली कागदी काडतुसं असतील तर ती वापरू नका. दमटपणाने ती फुगून अडकतात, आणि बुडातल्या, ठिणगी देणाऱ्या जुन्या टोप्यांतल्या क्षाराला तेल धुऊ शकत नाही, त्याला गरम पाणीच लागतं. दस्त्याला जवसाच्या तेलाचे दोन-तीन थेंब तळव्याने चोळा, जास्त नको. बंदूक उभी ठेवायची असेल तर तोंड खाली. तोंड वर ठेवलं की वर्षानुवर्षं तेल झिरपून दस्त्याच्या डोक्याशी लाकूड काळं, मऊ होतं आणि पुढे तिथेच फाटतं. चामड्याच्या किंवा कॅनव्हासच्या म्यानात जून ते ऑक्टोबर ठेवू नये. कुलूपबंद पोलादी कपाट, आत सिलिका जेल, आणि पंधरा दिवसांनी एकदा पुसणं पुरे.

नळीचं तोंड गंजलं किंवा चेपलं म्हणून दोन इंच कापून टाकावं असा सल्ला कुणी देईल. परवानगीविना नळी आखूड करणं शस्त्र कायद्याने गुन्हा आहे. शिवाय चोक असतो तो तोंडाजवळच्या शेवटच्या दोन-तीन इंचांतच. तो कापला की उरते ती पसरट मारणारी नळी, बंदुकीचा सगळा गुण गेला.

परवान्याचं थोडक्यात. शहरात पोलीस आयुक्तालय, ग्रामीण भागात जिल्हाधिकारी कार्यालय. शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच बंदुका आणि परवाना पाच वर्षांचा. परवानाधारक गेल्यावर बंदूक घरात ठेवता येत नाही. पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून वारसाने अर्ज करायचा. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवानाधारकाचं वय ७० झाल्यावर किंवा बंदूक २५ वर्षं बाळगल्यावर हयातीतच ती वारसाकडे देता येते. हे आधी केलेलं चांगलं, कारण जमा केलेल्या बंदुकीला पावसाळाभर कुणी तेल लावत नाही. जमा करावी लागलीच, निवडणुकीत बऱ्याचदा लागते, तर नळ्यांना आतबाहेर घट्ट ग्रीस लावून, तेलकट सुती कापडात गुंडाळून द्या आणि पावतीवर क्रमांक तपासून घ्या. रानडुकरं ऊस-द्राक्षांत शिरत असली तरी पीक संरक्षणाचा परवाना म्हणजे ती मारायची मुभा होत नाही, त्याला वनखात्याची वेगळी परवानगी लागते.

परवान्याच्या पाकिटात आणखी एक कागद घाला. चेंबरची लांबी, नळीखालच्या खुणा जशा दिसतात तशा काढलेल्या, दोन्ही नळ्यांची मोजलेली जाडी, कुठलं काडतूस चालतं, कुठलं नाही. अमेरिकेतल्या मित्राच्या बंदुकीसाठीही असाच एक, सोबत बार काढलेला २५ यार्डांचा कागद घडी करून, तारीख टाकून. बंदूक ज्याच्या हातात पुढे जाईल त्याला हे विचारायला आपण किंवा तो मित्र शेजारी असूच असं नाही.